तीन यकृतांचं कापड

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच ऊन तापायला लागलं. बटाट्याचे ढीग शेतातच भाताच्या पेंढ्याखाली झाकून ठेवले होते. पश्चिमेचा कोरडा वारा सुटला की पेंढा उडायचा आणि कडेचे बटाटे उघडे पडायचे. उघडा राहिलेला बटाटा हिरवा पडतो, मग त्याला कुणी विचारत नाही. हणमंत सकाळपासून ढिगांभोवती फिरत होता. पायानं पेंढा सारायचा, वर ढेकूळ ठेवायचं, पुढच्या ढिगाकडं जायचं.

त्या साली, शहाण्णव साली, सगळ्यांचाच बटाटा चांगला आला होता आणि अडचण तीच होती. सीतापूर रोडवरच्या कोल्ड स्टोरेजपुढं ट्रॉल्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. माणसं दोन-दोन दिवस बटाट्याच्या बोऱ्यांवर बसून राहत. कोल्ड भरत आलंय, अशी बातमी रोज कुणीतरी आणायचं.

हणमंत मूळचा कोरेगाव तालुक्यातला. लष्कराच्या वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंट म्हणून चोवीस वर्षं काढली आणि लखनौच्या छावणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. बक्शी का तालाबच्या पुढं नरहरपुरव्यात चार बिघे जमीन घेतली आणि इथलाच होऊन राहिला. गाव त्याला फौजी साहब म्हणे. संध्याकाळी त्याच्या पडवीत गावातली पोरं पाटी घेऊन बसत. पाढे, बाराखडी, जखम कशी धुवायची, जुलाबात पाण्यात काय घालून द्यायचं, सगळं तो शिकवायचा. एकदा सांगून कळलं नाही तर दहादा सांगायचा. आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

आणि दर साली शहरातल्या डिग्री कॉलेजचं सेवा योजनेचं शिबिर गावच्या प्राथमिक शाळेत उतरलं की एका दुपारी त्याचं व्याख्यान असायचं. दारू आणि नशेचे दुष्परिणाम. हे बारावं साल.

"अहो, इकडं या जरा," सरोज अंगणातून म्हणाली.

ती खाटेवर ते कापड पसरून बसली होती. मांजरपाटाच्या वावभर तुकड्यावर हणमंतनं स्वतः रंगवलेली तीन यकृतं होती. एक निरोगी, एक चरबी चढलेलं, एक आक्रसून गाठीगाठींचं झालेलं. दर साली ट्रंकेतून निघायचं, व्याख्यान झालं की घडी होऊन परत जायचं.

"उंदरानं खाल्लंय. बघा, नेमकं चांगलं यकृत खाल्लं. खराब दोन्ही शाबूत आहेत."

"मग त्याला अक्कल आहे म्हणायची."

"मागून ठिगळ लावते. रंग तुम्ही द्या."

हणमंतनं गेरूची डबी काढली. ठिगळ वाळेपर्यंत तो फुंकर मारत बसला. पन्नाशी ओलांडलेल्या त्याच्या जाड बोटांत ब्रश लहान पोरानं धरावा तसा नीट धरलेला होता.

शिबिरातली मुलं दुसऱ्या दिवशी सकाळी श्रमदानाला हणमंतच्याच शेतात आली. तीसेक मुलं-मुली. बटाटे वेचून, लहान-मोठे निवडून बोऱ्यांत भरायचे होते. पहिल्या तासाभरात निम्म्यांच्या कमरा दुखायला लागल्या. एकीनं ओढणीचा फडका करून बोटाला बांधला. हणमंत सगळ्यांना दाखवत होता, "बेटा, कमर से नहीं, घुटने से बैठो. बोरी को ऐसे झटको, आलू अपने आप बैठ जाएगा."

मुलं हो हो म्हणत आणि परत कमरेतून वाकत.

त्यांच्यात एक जण वयानं मोठा होता. चोवीस-पंचवीसचा, हडकुळा, डोळ्यांखाली काळं. तो एका बोरीपाशी मांडी घालून बसला होता आणि त्याच्याभोवती सात-आठ मुलं आपोआप जमली होती. हात चालू होते, तोंडंही चालू होती.

"वो धैर्यशील है," विनीता मॅडमनी सांगितलं. त्या शिबिराच्या प्रमुख. डोक्यावर पदर, पायात कॅनव्हासचे बूट. "आपके ही तरफ़ का है, मराठी. पिताजी बैंक में हैं, इंदिरा नगर में घर है. तीन साल इसी नशे में बर्बाद किए इसने. पहले खाँसी की दवा, फिर गोलियाँ, फिर शराब. चौदह महीने से बिल्कुल साफ़ है. बी.ए. पूरा कर रहा है."

"अच्छा," हणमंत म्हणाला.

"इस बार सोचा है, व्याख्यान वही दे. बच्चे उसकी सुनते हैं. आप भी दो शब्द कह दीजिएगा."

हणमंतनं हातातला बटाटा उलटा करून पाहिला. त्याच्यावर माती नव्हती, तरी अंगठ्यानं पुसला.

"हाँ हाँ, क्यों नहीं," तो म्हणाला.

मग तो सुतळी घ्यायच्या निमित्तानं त्या घोळक्यामागं गेला आणि बोऱ्या शिवायच्या सुव्यात सुतळी ओवत उभा राहिला. सुव्याचं भोक मोठं होतं. तरी त्याला वेळ लागला.

सुरुची नावाची एक मुलगी विचारत होती, "भैया, पता कैसे चलता है कि लत लग गई?"

"जब छुपाने लगो," धैर्यशील म्हणाला. "पीने से पहले छुपाना आ जाता है."

"मेरा बड़ा भाई कहता है, मैं जब चाहूँ छोड़ दूँ," एक मुलगा बटाट्याकडं बघत म्हणाला.

"मैं भी कहता था. हर सोमवार को छोड़ता था, यार."

मुलं हसली. तो मुलगा हसला नाही. "तो उसको क्या बोलूँ?"

"बोल मत. उसके साथ बैठ. अकेला मत छोड़."

"अब आपका मन नहीं करता?" सुरुचीनं विचारलं.

धैर्यशीलनं हातातला बटाटा बोरीत टाकला. "करता है. चार लोग साथ हों तो निकल जाता है. लेकिन अकेला हूँ और चीज़ हाथ में हो, तो ये चौदह महीने किसी काम के नहीं. इसलिए मैं अकेला रहता ही नहीं."

हणमंतनं सुतळी ओवली आणि परत ओढून काढली.

अकरा वर्षांत त्याला कुणी प्रश्न विचारला नव्हता. व्याख्यान संपलं की तो दर वेळी म्हणायचा, "कोई सवाल?" मुलं एकमेकांकडं बघायची, मग टाळ्या. त्याला वाटायचं, सगळं इतकं नीट समजावून सांगितल्यावर विचारायचं उरणार काय! आणि इथं कापड नाही, खडू नाही, धुळीत फतकल मारून बसलेल्या या पोराला एकामागून एक प्रश्न. तेही असे, घरातले.

त्या घोळक्यात अगदी धैर्यशीलच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला एक जण हणमंतच्या ओळखीचा होता. त्याचा मुलगा इंद्रजित. एकोणीस वर्षांचा, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. बापाच्या शेतात काम करताना त्याची पाठ दहा मिनिटांत दुखायची. आज अकरा वाजले तरी तो जागचा उठला नव्हता.

दुपारी सरोजनं धैर्यशीलला जेवायला घरी बोलावलं. शिबिरात रोज खिचडी, आणि हा आपल्याकडचा. तिनं बाजरीच्या भाकरी केल्या, पिठलं केलं. ज्वारी इकडं मिळायची नाही.

"काकू, भाकरी! माझी आई पण करत नाही आता. म्हणते, गॅसवर फुगत नाही."

"चुलीवर ये म्हणावं माझ्या. बस रे, अजून एक घे. नुसता हाडांचा सापळा झालायस. थांब."

ती आत गेली आणि फडताळातून एक बरणी घेऊन आली. कारळ्याची चटणी. सरोजच्या बहिणीनं कोरेगावाहून दिवाळीत पाठवलेली. तळाला चार चमचे उरली होती आणि हणमंत ती महिनाभर पुरवून पुरवून खात होता, एका जेवणाला चिमूटभर. सरोजनं बरणी धैर्यशीलच्या ताटात आपटून रिकामी केली.

हणमंतनं घास गिळला.

"काका, तुम्ही घ्या ना," धैर्यशील म्हणाला.

"मला नको. तिखट सोसत नाही हल्ली," हणमंत म्हणाला. सरोजनं त्याच्याकडं पाहिलं.

इंद्रजित भाकरी मोडत म्हणाला, "बाबा, आज धैर्यशील भैया ने जो बताया ना, किसी ने ऐसे नहीं बताया कभी."

"मी अकरा वर्षं सांगतोय की."

"आप तो लिवर बताते हो, बाबा."

सरोजला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण हणमंतला दिसलं. धैर्यशील हसला नाही. "अरे, लिवर भी ज़रूरी है," तो म्हणाला. ते हणमंतला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

तो हात धुवायला हापशावर गेला. दांडा मारत राहिला, पाणी नुसतंच वाहत राहिलं. सरोज ताटं घेऊन मागोमाग आली.

"काय झालं तुम्हाला?"

"काय व्हायचंय?"

"पोरगं चांगलं आहे. नरकातून वर आलंय."

"वर आला म्हणून सगळं गाव त्याला डोक्यावर घेणार. आणि जो कधी पडलाच नाही, त्याचं काय? ज्यानं जन्मभर एक थेंब तोंडाला लावला नाही, त्याला कुणी विचारायचं नाही?"

"तुम्ही त्या पोराशी बरोबरी करताय?" ती म्हणाली. तिनं ताटं दगडावर ठेवली आणि राख घेऊन घासायला बसली. "वय काय तुमचं!"

एक थेंब तोंडाला लावला नाही, हे खरं होतं. पण कँटीनमधला रमचा कोटा हणमंत दर महिन्याला न चुकता उचलायचा. त्याच्या लेखी ती दारू नव्हती, कँटीन होतं. लाइनमन खांबावर चढला की त्याला एक बाटली. बाळंतिणीला थंडी भरली, पोराला खोकला झाला की शेजारपाजारचे चमचाभर मागून नेत. आणि दर फेब्रुवारीत रांगेची वही ठेवणाऱ्या कोल्डच्या मुन्शीला दोन. मुन्शी त्याला 'सामान' म्हणायचा. सामान पोचलं की फौजी साहेबांची ट्रॉली रांगेत न थांबता बाजूच्या फाटकातून आत जायची. व्याख्यानाचं कापड आणि या बाटल्या एकाच ट्रंकेत असत. कापड वर, बाटल्या खाली. त्यात काही विचित्र आहे असं त्याला कधी वाटलं नाही, आणि सरोजलाही नाही.

ट्रॉली व्याख्यानाच्या दिवशीच मिळाली. माणिकलालचा ट्रॅक्टर सकाळी सातला दारात आला. मुलांनी हातोहात बोऱ्या चढवल्या. हणमंतनं प्रत्येक बोरीवर निळ्या रंगानं आपलं नाव घातलं. दर साली ट्रॉलीबरोबर इंद्रजित जायचा. तो चप्पल घालून तयारही झाला होता.

"तू थांब," हणमंत म्हणाला. "मला कापड धरायला माणूस पाहिजे."

"तो बोरियों के साथ कौन जाएगा?"

हणमंत रंगाचा हात चिंधीला पुसत होता. एकेक बोट, सावकाश.

"धैर्यशील जाईल. मराठी माणूस आहे, घरचा. दुसऱ्या कुणावर सोडता येत नाही."

"पण आज त्याचं भाषण आहे ना?" सरोज म्हणाली.

"दुपारी आहे. तोवर येतोय की तो. बाजूच्या फाटकातून तासाभरात काम होतं."

धैर्यशीलला कुणी काही जबाबदारीचं सांगितलं की तो खूश व्हायचा. गेल्या चौदा महिन्यांत त्याला घरच्यांनी दुधाचे पैसेसुद्धा एकट्याच्या हातात दिले नव्हते. "जातो की काका," तो म्हणाला आणि चाकावर पाय देऊन चढला.

हणमंत आत गेला. ट्रंक उघडली. कापड उचलून बाजूला ठेवलं. खालच्या दोन बाटल्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि खाकी पिशवीत घातल्या. पिशवीचे बंद बांधताना त्याचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं गाठ मारली. मुन्शीला सामान तर द्यायचंच आहे, तो मनाशी म्हणाला. दर साली देतो. यात नवीन काही नाही.

"ही मुन्शीच्या हातात द्यायची. दुसऱ्या कुणाकडं नाही. तो आला नसला तर थांब. पिशवी खाली ठेवू नकोस, मांडीवर धर. आतला माल फुटायचा आहे."

पिशवी हातोहात जाताना काचेला काच लागली. लहानसा आवाज झाला. धैर्यशीलचा हात तिथंच थिजला. त्यानं हणमंतकडं पाहिलं. हणमंत ट्रॉलीचा साखळदंड ओढून बघत होता.

"चलो भाई, माणिकलाल," तो म्हणाला.

ट्रॅक्टर धूर सोडत निघाला. सरोज दारात उभी होती.

"पिशवीत काय होतं?"

"मुन्शीचं."

"आणि ते त्याच्याजवळ दिलंत?"

"मग काय, त्याला बघायचंही नाही आयुष्यात? इतकं चौदा महिन्यांचं कौतुक चाललंय, तर दोन सीलबंद बाटल्या सांभाळता येणार नाहीत?" बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आवाज चढलाय. अंगणातल्या दोन मुली वळून बघत होत्या.

सरोज आत गेली. आतून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

नऊ वाजता मुन्शी कोल्डवर येतो. दहाला ट्रॉली रिकामी. अकराला धैर्यशील परत यायला हवा होता. अकरा वाजले. हणमंतनं उरलेले बटाटे झाकले. साडेअकराला एक सायकलवाला त्या बाजूनं आला. त्यानं सांगितलं की मुन्शी कुणाच्या तरी मयतीला गेलाय, कोल्डवर सगळं बंद पडलंय, रांग हललेली नाही.

"हमारी ट्रॉली?"

"लाइन में है, फौजी साहब. माणिकलाल तो चाय की दुकान पर ताश खेल रहा है. एक लड़का बैठा है बोरियों पर, अकेला. झोला पकड़े."

हणमंतला बरं वाटायला हवं होतं. व्याख्यान आता आपलंच. त्यानं दाढी केली. पांढरा शर्ट घातला. कापडाची घडी काखेत घेऊन तो शाळेकडं निघाला, पण बांधावरून जाताना त्याची नजर परत परत सडकेकडं जात होती.

"धैर्यशील नहीं लौटा?" विनीता मॅडमनी घड्याळ पाहिलं.

"लाइन में फँस गया. मैं शुरू करता हूँ, मैडम. मेरी तैयारी है."

शाळेच्या मैदानात सतरंजी अंथरली होती. मुलं बसली. दोघांनी कापड धरलं, एका टोकाला इंद्रजित. वाऱ्यानं कापड फुगायचं आणि तिन्ही यकृतं हलायची. हणमंत वेताच्या छडीनं दाखवू लागला.

"ये स्वस्थ लिवर है. रंग देखिए. ये हमारे शरीर का रसोईघर है और चौकीदार भी. जो भी आप पीते हैं, इसके दरवाज़े से गुज़रता है..."

शब्द तेच होते. अकरा वर्षं तेच. पण आज ते तोंडातून आपोआप येत होते आणि तो दुसरीकडंच होता. मांडीवर पिशवी. ऊन. शेजारी कुणी नाही. धैर्यशील म्हणाला होता ते वाक्य त्याला हातातल्या सुतळीसकट आठवत होतं. अकेला हूँ और चीज़ हाथ में हो. लष्करी इस्पितळात त्यानं अशी माणसं पाहिली होती. सुटलेली, घरी जाऊन आलेली आणि परत आणलेली. नायक हुद्द्याचा एक जवान होता. दोन वर्षं प्यायला नव्हता. लग्नाच्या वरातीत कुणीतरी थट्टेनं पेला हातात दिला. सहा दिवसांनी हणमंतनंच त्याच्या नाकात कापूस घातला होता.

"और ये दूसरा..." छडी तिसऱ्यावर होती. "नहीं. ये दूसरा."

मागं कुणीतरी हसलं. पुढच्या रांगेतला मुलगा काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. अकरा वर्षं मुलं अशीच बसत असतील, हणमंतच्या मनात आलं. आपण बघितलंच नाही.

"बाबा," इंद्रजित कापडाआडून हळूच म्हणाला. "भैया."

शेताच्या बांधावरून धैर्यशील येत होता. चालत. कोल्डपासून गाव दोन कोस. चप्पल धुळीनं पांढरी झाली होती, शर्ट पाठीला चिकटला होता. पिशवी त्यानं अंगापासून लांब धरली होती, एखादं पाखरू धरावं तशी. तो सरळ सतरंजीवरून मुलांच्या मधून पुढं आला आणि पिशवी हणमंतच्या पायाशी ठेवली.

"काका, हे तुमचं घ्या." तो मराठीत म्हणाला. मग मुलांकडं वळून खाली बसला. सुरुचीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो घटाघट प्यायला.

"मुन्शी आया नहीं," तो म्हणाला. "तीन घंटे ये मेरी गोद में था. पहला घंटा ठीक था. दूसरे घंटे में मैंने अख़बार हटाकर देखा, सिर्फ़ देखने के लिए. फिर मैंने ढक्कन घुमाया. सोचा, सूँघूँगा बस." तो थांबला. "फिर मैं उतर गया. उतरकर चलने लगा. रखकर आता तो आधे रास्ते से लौट जाता, इसलिए साथ लेकर चला. रास्ते में जो भी मिला, उससे बात करता आया. एक भैंसवाले के साथ तो एक किलोमीटर उलटा चला गया."

कुणी हसलं नाही.

विनीता मॅडम पुढं आल्या. त्यांनी पिशवी उघडली. दोन बाटल्या. एकीचं सील मोडलेलं होतं. रम गळ्यापर्यंत भरलेली होती.

"ये किसने दिया तुम्हें?" मॅडमनी विचारलं.

"काका की कोई ग़लती नहीं है, मैडम," धैर्यशील लगेच म्हणाला. "उनको क्या पता था! मुझे लेते वक़्त ही मना करना चाहिए था. शर्म आई. सोचेंगे, इतना भी नहीं होता इससे."

वाऱ्यानं कापड फडफडलं. हणमंतच्या हातात छडी होती. आता 'हो' म्हणायचं होतं, किंवा काहीच म्हणायचं नव्हतं. पोरानं स्वतःच दार उघडून दिलं होतं. हणमंतनं त्या दारातून बाहेर पडावं, कापडाची घडी करावी आणि घरी जावं. मान राहिला असता. पुढच्या सालीही त्याला बोलावलं असतं.

त्यानं छडी खाली ठेवली.

"मुझे पता था," तो म्हणाला.

मॅडमनी वर पाहिलं.

"उस दिन खेत में इसने जो कहा, मैं पीछे खड़ा सुन रहा था. अकेला हो और चीज़ हाथ में हो. मैंने इसे अकेला भेजा. चीज़ हाथ में दी. बोला, नीचे मत रखना."

बोलताना तो मुलांकडं बघत नव्हता, धैर्यशीलकडं बघत होता. धैर्यशीलच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्यानं मान खाली घातली आणि तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

मग मागून, ज्याचा भाऊ 'जब चाहूँ छोड़ दूँ' म्हणायचा तो मुलगा म्हणाला, "क्यों भेजा, अंकल?"

बारा वर्षांत व्याख्यानात आलेला तो पहिला प्रश्न होता.

हणमंतनं तोंड उघडलं. मुलांना शिकवताना तो नेहमी सांगायचा, उत्तर एका वाक्यात द्या. उत्तर एका वाक्याचंच होतं.

"जलन थी, बेटा. तुम लोग इससे पूछते थे, मुझसे कभी किसी ने कुछ नहीं पूछा."

इंद्रजितच्या हातून कापडाचं टोक सुटलं. तिन्ही यकृतं घडी होऊन धुळीत पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"और सवाल?" हणमंतनं विचारलं. सवयीनंच विचारलं. पण या वेळी हात वर झाले. सुरुचीचा, मग आणखी दोघांचा. हे मुन्शीला कधीपासून देता? तुमच्या घरात किती बाटल्या असतात? लाइनमनचं घर चालतं का? त्यानं एकेकाचं उत्तर दिलं. उभ्यानं, घाम पुसत. काहींची त्याला माहीत नव्हती. लाइनमनचं घर चालतं का हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. तसं सांगितलं.

उठताना मॅडम म्हणाल्या, "अगले साल का मैं नहीं कह सकती, हणमंत जी."

"जी," तो म्हणाला.

बाटल्या त्यानं हापशाच्या नाल्यात ओतल्या. सरोज दारात उभी राहून बघत होती. रमचा वास अंगणभर पसरला. तिनं रिकाम्या बाटल्या उचलून रॉकेलसाठी ठेवल्या. संध्याकाळच्या जेवणात त्याच्या ताटात भाकरी वाढली तेव्हा बाजूला लसणीचा ठेचा होता. मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः रांगेत जाऊन बसला. मुन्शी परत आला होता. डोक्याचं मुंडण झालेलं, वहीचा पुठ्ठा पंख्यासारखा हलवत तो रांगेतून चालला होता.

"अरे फौजी साहब, आप लाइन में? सामान नहीं आया इस बार?"

"नहीं. आगे भी नहीं आएगा."

"फिर तो नंबर से आएगी गाड़ी. परसों."

"परसों सही."

"आलू हरा हो जाएगा, साहब!"

"थोड़ा होगा."

मुन्शी खांदे उडवून पुढं गेला. ऊन वर येत होतं. हणमंतनं वरच्या बोऱ्यांवर पेंढा अंथरला आणि डोक्याला पंचा गुंडाळला. अकराच्या सुमाराला सडकेवर एक सायकल दिसली. इंद्रजित चालवत होता, मागं धैर्यशील डबा धरून बसला होता. दोघं कशावर तरी मोठ्यानं हसत होते. आपल्या पोराला असं हसताना हणमंतनं घरात कधी पाहिलं नव्हतं. तीच जुनी जळफळ उठली, अगदी तशीच. ती गेली नव्हती.

सायकल ट्रॉलीशी थांबली. इंद्रजित डबा घेऊन चढला. धैर्यशील खालीच राहिला, हँडलवर हात ठेवून. काल दुपारपासून तो हणमंतशी एक शब्द बोलला नव्हता.

"ऊन आहे," हणमंत म्हणाला. "वर ये."

धैर्यशील उभाच राहिला. रांगेतली पुढची ट्रॉली हातभर सरकली. माणिकलालनं ट्रॅक्टर सुरू केला, तेवढंच अंतर गेला, बंद केला. सायकल ढकलत धैर्यशीलही तेवढंच अंतर आला.

"काकूंनी सांगितलंय तुम्हाला एकट्याला बसू देऊ नका म्हणून," तो अखेर म्हणाला. "त्यासाठी आलोय."

हणमंतनं दोन बोऱ्यांमधली आपली जागा सोडली, जरा कडेला सरकला आणि हात खाली दिला. धैर्यशीलनं हात धरला नाही. चाकावर पाय देऊन तो आपला आपण चढला आणि मधे इंद्रजितला घेऊन पलीकडं बसला.